व्हिडिओ गेमचे संगीत : कटकट की कला?

दिल्लीच्या सरोजिनी नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये ज्यांनी १९९०च्या दशकातले उन्हाळे काढले आहेत, त्यांना सुट्टीतल्या दुपारचे दोन आवाज नक्की आठवत असतील. एक, खिडकीत बसवलेल्या कूलरची अखंड घरघर. दुसरा, त्या घरघरीला भेदून बाहेरच्या खोलीतून येणारी बारीक, टोकदार सुरावट. ती संपली संपली म्हणेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मुले टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून बसलेली असत आणि आतल्या खोलीतून आईचा नेहमीचा पुकारा येई, ''अरे, खेळायचे तर खेळा, पण तो आवाज आधी बंद करा. डोके उठले माझे!''

मुले आवाज बंद करीत नसत, थोडा कमी करीत. आवाज गेला की खेळातली मजाच जाते एवढे त्यांना कळत होते. असे का होते, हे मात्र आईला पटेल अशा शब्दांत सांगता येत नव्हते.

ज्या आवाजाने घरोघरच्या आयांचे डोके उठत होते, त्यांतल्या एका चालीला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत मानाचे स्थान दिले. जपानी संगीतकार कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेमसाठी बांधलेली ती चाल. त्या यादीत गेलेले व्हिडिओ गेमचे ते पहिलेच संगीत. त्याआधी, २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले, तेही जपानी गेममधल्या सुरावटींच्या साथीने. लंडनच्या प्रसिद्ध 'प्रॉम्स' मैफलींत २०२२ मध्ये एक संपूर्ण कार्यक्रम या संगीताचा झाला, आणि २०२३ पासून ग्रॅमी पुरस्कारांत गेमच्या संगीतासाठी स्वतंत्र विभाग आहे.

पुरस्कार मिळाला म्हणजे गोष्ट चांगली, असे मानण्याचे कारण नाही. त्या काळच्या गेममध्ये रद्दी संगीतही भरपूर होते, आणि ते ऐकून डोके उठणे अगदी रास्त होते. पण जे चांगले होते ते कसे तयार झाले, त्यामागे कोण होते, आणि आपल्या घरात ते नेमके कसे पोहोचले हे पाहिले, तर कटकट म्हणून सोडून दिलेल्या त्या आवाजात बरेच काही सापडते.

पाच जणांचा वाद्यवृंद

भारतात निन्टेंडो कंपनीचे यंत्र 'सामुराई' या नावाने विकले गेले. पण बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आले ते त्याच यंत्राची नक्कल असलेले, तैवान किंवा चीनकडून आलेले स्वस्त यंत्र. कनॉट प्लेसच्या जमिनीखालचा पालिका बाजार, लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी ही यंत्रे आणि त्यांच्या पिवळ्या, काळ्या, लाल कॅसेटी मिळत. (दुकानदारापासून मुलांपर्यंत सगळे त्याला 'कॅसेट'च म्हणत, आत फीत नसली तरी.) एकाच कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचे वरच्या कागदावर छापलेले असे. प्रत्यक्षात दहा-वीसच गेम निघत आणि तेच पुन:पुन्हा वेगळ्या नावाने येत. उन्हाळ्यात झेलम एक्सप्रेसने पुण्याला आजोळी निघालेल्या मुलाच्या पिशवीत लोणच्याच्या बरणीशेजारी अशा दोन कॅसेटी असत. मावसभावाशी अदलाबदल करायला.

या यंत्रातला आवाज काढणारा भाग एका वेळी फक्त पाच आवाज काढू शकत असे. पाच वाद्ये म्हणा हवे तर. पहिली दोन सारखीच, जरा नाकात बोलणारी, पिपाणीच्या जातीची. मुख्य चाल त्यांच्याकडे. तिसरे मऊ आणि घुमारेदार, खर्जाचे काम करणारे. गंमत म्हणजे त्याचा आवाज लहान-मोठा करण्याची सोयच नव्हती, वाजेल तर पूर्ण वाजेल नाहीतर गप्प. चौथ्याला तर सूरच नाही. रेडिओवर स्टेशन लागले नाही की जी खरखर ऐकू येते, तीच खरखर. तिचे बारीक तुकडे करून त्यातून ढोल, झांज, टाळी यांचा भास निर्माण करायचा. पाचवा मार्ग खऱ्या आवाजाचा छोटासा तुकडा वाजवण्यासाठी होता, पण त्याला जागा इतकी लागे की सुरुवातीच्या गेममध्ये तो फारसा वापरला गेला नाही.

जागेची तर मोठीच अडचण. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध गेम, म्हणजे त्यातली चित्रे, हालचाली, सगळे टप्पे आणि संगीत मिळून, अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे गाणे रेकॉर्ड करून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. कॅसेटमध्ये असे ती फक्त लिहिलेली स्वरलिपी. कोणता सूर, किती वेळ, किती जोरात. यंत्र ती वाचून त्या क्षणी वाजवीत असे. म्हणजे आपल्या टीव्हीतून येणारे संगीत एका अर्थी दर वेळी ताजे वाजत होते!

त्यातही, मारिओने उडी मारली किंवा नाणे उचलले की तो आवाज काढण्यासाठी त्या पाचांतल्याच एकाला आपले वादन क्षणभर थांबवावे लागे. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला मध्येच उठून पाहुण्यांना पाणी देऊन यावा आणि पुन्हा आपल्या जागी बसून वाजवू लागावा, तसा प्रकार. तरीही चाल तुटल्यासारखी वाटू नये, ही संगीतकाराची जबाबदारी.

अशा अडचणींतून लोकांनी काय काय युक्त्या काढल्या! एक पिपाणी चाल वाजवते आणि दुसरी तीच चाल किंचित उशिरा, हलक्या आवाजात वाजवते. ऐकणाऱ्याला मोठ्या सभागृहातल्या प्रतिध्वनीचा भास होतो. गवयामागे पेटीवाला किंवा सारंगिया जशी सावलीसारखी साथ करतो, तसेच हे. तीन सूर एकत्र वाजवायचे आहेत आणि वाद्य एकच आहे, तर ते तीन सूर सेकंदाला पन्नास-साठ वेळा आळीपाळीने वाजवायचे. फिरत्या पंख्याची पाती जशी वेगळी न दिसता एक तबकडी दिसते, तसे कानाला तिन्ही सूर एकदम ऐकू येतात. जुन्या गेममध्ये तो जो थरथरता, चमचमता आवाज येतो तो हाच.

तबल्यामागचा लेहरा

''पण तेच तेच किती वेळ ऐकायचे?'' हा आक्षेप सगळ्यांत जुना, आणि त्याला आपल्याच संगीतात उत्तर आहे.

तबल्याचे एकल वादन तुम्ही ऐकले असेल. तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवीत असतो आणि शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच ओळ अर्धा-पाऊण तास वाजवीत बसलेला असतो. तो लेहरा. तीनतालाच्या सोळा मात्रांत एक आवर्तन पूर्ण करायचे, समेवर यायचे आणि पुन्हा निघायचे. लेहरा चांगला असेल तर त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, आणि तो थांबला तर सगळे कोसळते. शेवटून पहिल्यावर येताना जोड दिसता कामा नये. कंटाळा येईल इतका साधा नको, आणि तबल्यावरून लक्ष उडेल इतका नटवाही नको.

गेमच्या संगीतकारापुढे नेमके हेच काम होते, आणि इथला तबलजी होता रिमोट हातात घेतलेला मुलगा. तो खड्ड्यात कधी पडेल, किती वेळ एकाच जागी घुटमळेल, हे संगीतकाराला ठाऊक नाही. चालीने कुठेही तुटण्याची आणि कितीही वेळ फिरत राहण्याची तयारी ठेवायची. कोंडो यांची ती प्रसिद्ध चाल पुन्हा ऐकून पाहा. तिच्यात एक उडती, लंगडती लय आहे, ती मारिओच्या धावण्या-उडण्याशी जुळते. मारिओ जमिनीखाली गेला की चाल एकदम ओकीबोकी होते. खालचे सूर, मध्ये रिकाम्या जागा, ताल जवळजवळ नाहीच. पाण्यात शिरला की लय तीन-तीन मात्रांची होते, पाश्चात्त्यांचे वॉल्ट्झ. पेटीवर भजने बसवणाऱ्या बाईंना हे वेगळे सांगावे लागत नाही. बाजूच्या खोलीत भाजी निवडता निवडता त्या म्हणतील, ''काय रे, हा तर दादऱ्यासारखा चाललाय.'' आणि मुलगा म्हणेल, ''आई, पाणी आले ना, म्हणून.''

आणि घड्याळात १०० उरले की एक इशारा वाजून सगळी चाल घाईघाईने पळू लागते. मुलाचे हात तेव्हा घामेजत. यातला धाक चित्रात कुठेच नसतो, सगळा कानांतून येतो. याची सुरुवात १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून झाली. त्यात उतरत जाणारे फक्त चार सूर होते. शत्रू कमी होत तसे ते सूर जवळजवळ येत, छातीच्या ठोक्यासारखे.

उलट बाजूचे उदाहरण म्हणजे रणगाड्यांचा 'बॅटल सिटी'. सुरुवातीला छोटी तुतारी वाजते आणि पुढे संगीत नाहीच, फक्त इंजिनाची घरघर आणि गोळ्यांचे आवाज. माझ्या मते तो गेम दोघांनी मिळून खेळायला चांगला असण्याचे एक कारण हेही आहे. एकमेकांना ''अरे, तू घर सांभाळ, मी पुढे जातो'' असे ओरडायला जागा मोकळी राहते!

आपला मारिओ संथ होता

आता एक मजेची गोष्ट, जी त्या पिढीतल्या बहुतेकांना आजही ठाऊक नसते. सरोजिनी नगरात, नागपुरात किंवा पुण्यात जो मारिओ ऐकला गेला, तो पुष्कळदा टोकियोतला मारिओ नव्हता.

जपान आणि अमेरिकेतल्या जुन्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत असे. भारतात पाल पद्धत, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. गेममधले संगीत पुढे सरकते ते चित्राच्या या ठोक्यावर. त्यामुळे ६० ठोक्यांसाठी लिहिलेली चाल ५० ठोक्यांच्या यंत्रावर तितकीच संथ होते. तिकडे ६० सेकंदांत संपणारी ओळ इकडे ७२ सेकंद घेते. खास पालसाठी बनवलेल्या नकली यंत्रांत सुरांची उंची जवळपास मूळ ठेवलेली असे, म्हणून चाल बेसूर वाटत नसे, फक्त लय उतरलेली असे. द्रुत बंदिश मध्यलयीत ऐकावी तशी.

दुसरा फरक आवाजाच्या पोताचा. त्या दोन पिपाण्यांचा स्वर पोकळ ठेवायचा की अनुनासिक, हे संगीतकार ठरवीत असे. अनेक नकली यंत्रांच्या चिपमध्ये या दोन जातींची अदलाबदल झालेली होती. जिथे क्लॅरिनेटसारखा पोकळ, गोल आवाज हवा तिथे नाकातला तीक्ष्ण आवाज येई, आणि तीक्ष्ण हवा तिथे पोकळ. सूर तेच, वाद्य वेगळे.

म्हणून आज पस्तिशी-चाळिशीतला एखादा गृहस्थ मुलाला मोठ्या कौतुकाने जुना मारिओ इंटरनेटवरून ऐकवतो आणि स्वतःच बुचकळ्यात पडतो. ''हे जरा वेगळेच वाटतेय. आमचे असे नव्हते.'' त्याचे कान बरोबर असतात. त्याच्या लहानपणीचा मारिओ खरोखरच संथ होता आणि कदाचित वेगळ्या गळ्याने गात होता. नक्कल करणाऱ्याच्या चुकीतून तयार झालेले ते आपल्याकडचे एक निराळे घराणेच म्हणायचे. जगात सगळीकडे जतन होत आहे तो मूळ आवाज. आपल्याकडे ऐकला गेलेला आवाज मात्र त्या यंत्रांबरोबरच जाणार आहे, कारण तो फक्त त्यांच्यातच आहे.

जेम्स बनाना नावाच्या बाई

नकली कॅसेटींनी आणखी एक गोष्ट केली. पहिल्या पडद्यावरची कंपनीची नावे आणि साल त्या पुसून टाकीत. त्यामुळे आपल्या मुलांना हे गेम जणू आकाशातून पडल्यासारखे मिळाले. कोणी बनवले, कोणी चाल लावली, काही पत्ता नाही. पैसे तर त्या कलावंतांपर्यंत पोहोचलेच नाहीत, निदान नाव तरी पोहोचायला हवे होते.

मूळ गेममध्ये तरी नावे कुठे धड होती? 'सुपर मारिओ'त श्रेयनामावलीच नाही. इतर कंपन्या आपली माणसे दुसऱ्यांनी पळवू नयेत म्हणून त्यांना टोपणनावे घ्यायला लावीत. १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'च्या शेवटी संगीतकार म्हणून 'जेम्स बनाना' असे विनोदी नाव झळकते. ही व्यक्ती म्हणजे किनुयो यामाशिता, नुकतीच शिक्षण संपवून कोनामी कंपनीत लागलेली एक तरुणी. त्यांच्यासोबत सातोए तेराशिमा यांनीही त्या गेमला संगीत दिले. 'मेगा मॅन' (१९८७) हा जगभर गाजलेला गेम. त्याच्या चाली मानामी मात्सुमाए या बाईंच्या, आणि नाव छापले गेले 'चांचाकोरिन मानामी'.

आपल्याकडच्या कॅसेटींत हमखास सापडणारे दोन गेम घ्या. टोपी घातलेला, फळे खात पळणारा मुलगा असलेला 'अ‍ॅडव्हेंचर आयलंड' आणि भिंती उडवणारा 'बॉम्बरमॅन'. या दोन्हींचे संगीत जुन चिकुमा यांचे. त्याही बाई. नाक्यावरच्या गेम पार्लरमध्ये पोरे ज्यावर तुटून पडत, त्या मारधाडीच्या 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) चे बहुतेक संगीत योको शिमोमुरा यांनी दिले. हाणामारीचा तो खेळ पाहून नाके मुरडणाऱ्या आयांना त्याच्या चाली एका पियानो शिकलेल्या मुलीच्या आहेत हे कोणी सांगितले असते, तर त्यांनी नक्कीच विश्वास ठेवला नसता.

शिमोमुरांची हकिकत आपल्या घरांतली वाटावी अशी आहे. ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून १९८८ मध्ये त्या पदवीधर झाल्या. घरच्यांनी एवढा खर्च करून शिकवले, आता मुलगी पियानोची शिक्षिका होणार हे सगळ्यांनी धरलेले. मुलीने नोकरी धरली गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीत. आईवडील हिरमुसले, शिक्षकही. शास्त्रीय संगीत शिकून हे काय करायचे? आज त्यांच्या रचना मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात. त्या काळी मात्र घरच्यांना समजावण्यासाठी त्यांच्या हातात काहीच नव्हते.

जपानच्या त्या धंद्यात इतक्या स्त्रिया कशा, याचे एक कारण सरळ आहे. संगीत शिकून बाहेर पडणाऱ्यांत मुली पुष्कळ, आणि गेमचे संगीत हे काम तेव्हा इतके नवे आणि बिनप्रतिष्ठेचे होते की त्यावर हक्क सांगायला कोणी ज्येष्ठ पुरुष बसलेले नव्हते. याला अपवाद कोइची सुगियामा. टीव्ही आणि लोकप्रिय गीतांच्या दुनियेत नाव कमावलेला हा गृहस्थ बुद्धिबळासारख्या शोगी खेळाचा एक संगणकीय गेम आवडला म्हणून कंपनीला अभिप्रायाचे कार्ड पाठवतो, त्यावरून ओळख होते आणि वयाच्या ५५ व्या वर्षी 'ड्रॅगन क्वेस्ट' (१९८६) ला संगीत देतो. टोकियो ऑलिंपिकच्या संचलनात पहिली चाल वाजली ती त्यांचीच. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९० व्या वर्षी, ते गेले.

बापाने लावलेली चाल

सगळेच काही जपानी नव्हते. ज्यांच्या घरी किंवा शाळेत संगणक आला होता, त्यांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवत असेल. कैदेत अडकलेली राजकन्या, हातात एक तास आणि पांढऱ्या कपड्यांतला धावणारा तरुण. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये जवळजवळ एकट्याने बनवला. धावण्या-उडी मारण्याच्या हालचालींसाठी त्याने धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि संगीत लिहून घेतले वडिलांकडून. वडील फ्रान्सिस मेक्नर हे पेशाने मानसशास्त्रज्ञ, पियानो वाजवणारे.

संगणकाच्या पोटातल्या त्या भोंग्यातून एका वेळी एकच सूर निघे. आपण ऐकला तो वडिलांच्या संगीताचा सांगाडाच होता. तरीही घटिका-यंत्र उलटते तेव्हा जी छोटीशी सुरावट येते, तिच्यात मुलाच्या खटाटोपाला वडिलांनी मनापासून दिलेली साथ आहे. किती घरांत असा बाप भेटतो?

'टेट्रिस'चे संगीत तर याहून जुने. हातात धरून खेळायच्या 'गेम बॉय'वर १९८९ मध्ये जी चाल जगभर पसरली ती 'कोरोबेइनिकी', म्हणजे फेरीवाल्यांचे एक एकोणिसाव्या शतकातले रशियन लोकगीत. हिरोकाझु तानाका यांनी ते चार आवाजांत बसवले. त्याच गेममध्ये दुसरी चाल निवडली तर चक्क बाख ऐकू येतो. डब्यातल्या विटा रचता रचता किती मुलांनी नकळत बाख पाठ केला असेल!

कोणी फारसे न ऐकलेले

प्रसिद्ध चाली सगळ्यांनाच ठाऊक. पण या छंदाची खरी गोडी आहे ती पडलेल्या गेममधले अप्रतिम संगीत शोधण्यात. आपटलेल्या चित्रपटातले एखादे मदनमोहनचे गाणे रेडिओवर अचानक लागावे, तसे.

इंग्लंडचे टिम फॉलिन घ्या. 'पिक्शनरी' हा चित्र ओळखण्याचा घरगुती खेळ. त्याच्या १९९० च्या व्हिडिओ गेमला त्यांनी असे घणाघाती संगीत दिले आहे की चित्र काय काढायचे तेच विसरावे. त्याच वर्षीचा 'सिल्व्हर सर्फर' इतका अवघड की लोक तो वैतागून फेकून देत. संगीत मात्र आजही शोधून ऐकले जाते. त्यात त्यांचे भाऊ जेफ यांचीही साथ आहे. जपानच्या सनसॉफ्ट कंपनीचा 'गिमिक' १९९२ मध्ये आला. त्याच्या कॅसेटमध्ये आवाजासाठी एक जादा चिप बसवून तीन वाद्ये वाढवलेली होती, आणि मासाशी कागेयामा यांच्या त्यातल्या चाली खुसखुशीत, फिरत्या, थोड्या जॅझच्या अंगाने जाणाऱ्या आहेत. पण हा गेम जपान सोडून फक्त स्कँडिनेव्हियात विकला गेला. त्याच कंपनीचे नाओकी कोदाका त्या दुर्लक्षित पाचव्या मार्गातून खऱ्या बास गिटारचे तुकडे वाजवीत. 'जर्नी टू सिलियस' (१९९०) ऐकताना खालचा तो दमदार ठेका छातीवर येतो.

आपल्या मुंबईतही असे घडलेले आहे. चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी विचारले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले. ती रेकॉर्ड निदान कोणीतरी जपून ठेवली होती म्हणून हे झाले.

गेमच्या बाबतीत परिस्थिती वाईट आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात कोणत्याच रूपात मिळत नसल्याचे आढळले. आपल्याकडे तर अशी पाहणीही नाही. सरोजिनी नगरचेच बघा. विनय नगर या नावाने वसलेली ही वसाहत. तिच्या पुनर्बांधणीला सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली, २०१८ मध्ये झाडे तोडण्यावरून मोठा विरोध झाला, आणि आता जुन्या दुमजली क्वार्टरच्या जागी उंच इमारती येत आहेत. सरकारी नोकरीत दर बदलीला घर आवरले जाते. माळ्यावरच्या खोक्यातून निघालेले ते पिवळट यंत्र आणि तुटकी वायर भंगारवाल्याकडे जाते, किलोच्या भावाने. सुदैवाने नवे काम थांबलेले नाही. १९८१ च्या 'विझर्ड्री'चा नवा अवतार निघाला, त्याच्या संगीतासाठी विनिफ्रेड फिलिप्स यांना २०२५ मध्ये ग्रॅमी मिळाले. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' काढला. त्यात भारतीय वाद्ये आहेत, संगीतकार मात्र ग्रीसचे लिनोस त्झेलोस. इथल्या कोणा सतारवाल्याला किंवा पेटीवाल्या मुलीला हे काम का मिळू नये, असे वाटते खरे.

घरात ऐकायचे कसे?

मुलांसोबत ऐकणार असाल तर एक खेळ करून बघा. चाल लावायची आणि प्रत्येकाने एकच वाद्य धरायचे. आजीने खर्ज, मुलीने वरची पिपाणी, बाबांनी खरखरीचा ताल. आपापले वाद्य हाताने टेबलावर वाजवायचे. दोन-तीन वेळा ऐकल्यावर पाचही धागे सुटे दिसू लागतात. घरात पेटी असेल तर मुलाला ती चाल पेटीवर काढू द्या. अभ्यास नाही म्हटल्यावर मुले ती फार लवकर काढतात. इंटरनेटवर प्रत्येक आवाज वेगळा रंगवून दाखवणारी चित्रफीतही मिळते.

आणि माळ्यावर जुने यंत्र असेल तर टाकू नका. आधी अ‍ॅडॅप्टर तपासा. वायर उघडी पडली असेल तर दुरुस्त केल्याशिवाय प्लग लावू नका. कॅसेटच्या पट्टीवर फुंकर मारायची सवय सगळ्यांना होती, पण फुंकरीतल्या ओलाव्याने तांबे खराब होते. कानातली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्टी हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. टीव्हीच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या वायरीची एव्ही जागा असेल तर यंत्र तिथे जोडता येते.

चालू झालेच, तर मारिओला पहिल्या टप्प्यात सुरुवातीच्या जागेवर नुसते उभे करून ठेवा. तिथे त्याला खायला कोणी येत नाही. कूलर किंवा पंखा दोन मिनिटे बंद करा आणि ऐका. चाल एकदा पूर्ण फिरून पुन्हा निघेल, मग घड्याळात १०० उरले की घाई सुरू होईल, आणि शून्यावर मारिओ आपोआप पडेल. आणखी दोन जीव शिल्लक असतातच.